टेकडी, वाट आणि खाडी

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या पूर्वेतिहासावर काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली आणि मुलांस पाढे व बाराखडी शिकविता शिकविता निवृत्तीचे वय झाले. तथापि कल्याण, ठाकुर्ली व डोंबिवली ह्यांविषयी जे जे छापून आले ते आम्ही यथाशक्ति वाचले आहे आणि ते वाचताना एक उणीव नेहमी खटकत आली आहे. ह्या इतिहासात बंदर आहे, किल्ला आहे, वाडा आहे. परंतु त्या बंदरावर ओझी उतरविणारा, खाजणाला बांध घालणारा, डोक्यावर पाटी घेऊन भल्या पहाटे कल्याणच्या बाजाराची वाट धरणारी स्त्री, ही माणसे त्यात जवळजवळ नाहीत. लेखकांनी वाडे मोजले, होड्या मोजल्या नाहीत. म्हणून ह्या माणसांच्या नित्याच्या जीवनाविषयी व रस्त्यावरच्या सणांविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

आज आगगाडीने येणाऱ्या पाहुण्यास आपला मुलूख सपाट वाटतो, कारण इमारतींनी सारे झाकले आहे. वास्तविक हा प्रदेश उंचसखल. खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांत उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर अशी वाहत कल्याणास येते आणि येथे तिची खाडी होते. दिवसातून दोन वेळा समुद्राचे पाणी तीत चढते नि उतरते. दुर्गाडीचा उंचवटा अगदी पाण्यावर उभा आहे. त्याच्या अलीकडे नेतिवलीची टेकडी, मग कचोऱ्याची टेकडी. आग्नेयेस मलंगगडाचा सुळका आणि नैऋत्येस मुंब्र्याचा डोंगर, ज्याच्या पोटातून १९१६ साली पारसिकचा बोगदा काढला गेला. टेकड्या आणि खाडी ह्यांच्या मधल्या पट्ट्यात आपली गावे वसली. आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे, की आपले सण रस्त्यावर जन्मले नाहीत. त्यांचे साहित्य टेकडी देई, ते अखेर पाणी नेई, आणि मधली वाट तेवढी माणसांची असे. हे ध्यानात घेतल्यावाचून पूर्वीचे सण कळत नाहीत, आणि आज त्यांचे काय झाले तेही कळत नाही.

कल्याण बंदराचे प्राचीनत्व वाचकांस ठाऊक असेलच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात कल्याणचे नाव येते. कान्हेरी व जुन्नर येथील लेण्यांतही कल्याणच्या दात्यांचे उल्लेख कोरलेले आहेत. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, दुर्गाडीवर किल्ला बांधविला आणि ह्याच खाडीत मराठी आरमाराची सुरुवात झाली. हे सारे शाळेत आम्ही मुलांस पुष्कळ वेळा शिकविले. शिकविताना मात्र एक प्रश्न मनात येई. जहाजांस लाकूड लागले ते डोंगरांतून खाली कोणी ओढून आणले असेल? भरतीच्या कोणत्या वेळेस नाव लोटावी हे कोणास विचारले असेल? बखरी ह्यावर बोलत नाहीत. आगरी, कोळी, भंडारी, ठाकूर, कातकरी ही ह्या किनाऱ्याची व रानाची जुनी माणसे. उत्तर त्यांच्यातच शोधावे लागेल, असे आम्हांस वाटते.

पुढे १८५३ च्या १६ एप्रिल रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणास पोचली. बंदराचा धंदा त्यानंतर हळूहळू उतरला. जो माल पडावांतून जाई तो डब्यांतून जाऊ लागला. रुळांनी गावही चिरले. चोळ्याची घरे एका बाजूस व खाडी दुसऱ्या बाजूस राहिली. पाग टाकावयास जाणारा माणूस दररोज रूळ ओलांडू लागला, तो आजतागायत ओलांडीत आहे.

आता नित्याच्या जीवनाकडे येऊ. आपल्या समाजाचे नावच 'आगर' ह्या शब्दावरून आलेले मानतात. मिठाचे आगर ते आगर. मिठागरे खाली भांडुप-मुलुंड व भाईंदरच्या बाजूस मोठी. तिकडे आपली अनेक कुटुंबे हंगामापुरती कामास जात. इकडे वरच्या अंगास मुख्य व्यवसाय भाताचा. उन्हाळ्यात टेकडीवरून पाने, काट्याकुट्या, गवत आणून शेतात राब भाजावयाचा, मृगात पेरावयाचे, आषाढात लावणी करावयाची. खाडीलगतच्या खाजण जमिनीस मातीचा बांध आणि त्या बांधास उघाडी असे. ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे, भरतीला खारे पाणी आत येऊ द्यावयाचे नाही. एका रात्री उघाडी नीट लागली नाही तर साऱ्या गावाचे भात जळे. त्यामुळे बांधाचे काम एका घराचे नसे. हाक आली की प्रत्येक घरातून एक माणूस कुदळ घेऊन निघे. भाताला जोड म्हणून चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी, बोय. घरी तांदळाची भाकरी, वालाचे कालवण, पावसाळ्यासाठी साठविलेली सुकट. ह्यात दारिद्र्य पुष्कळ होते. त्याचे उगाच गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. आमच्या आजीच्या तळपायांस खाऱ्या चिखलाने पडलेल्या भेगा आम्ही पाहिल्या आहेत.

ह्या जीवनाचे घड्याळ पाण्याचे होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आमच्या आजोबांना एक हिशेब तोंडपाठ असे. पक्षातील तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, जे येईल ती भरती भरण्याची वेळ. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पौर्णिमेस वा अमावास्येस सव्वाअकरा. हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा. खाडीत वर कल्याणकडे पाणी उशिरा पोचते, ते किती उशिरा हे जागेजागेच्या अनुभवाने धरावयाचे. आम्ही पुढे चौथीच्या मुलांस पाऊणकीचा पाढा शिकविताना हेच उदाहरण घालीत असू. पाऊणकीचा पाढा आता शाळांतून गेला, आणि त्याबरोबर हे उदाहरणही गेले.

हा हिशेब ध्यानात ठेवून गणपतीचे सण पाहावेत म्हणजे मौज वाटेल. दीड दिवसाचा गणपती पंचमीस जातो. पाचाची पाऊणपट पावणेचार, त्यात खाडीचा उशीर मिळविला की ऐन संध्याकाळी पाणी भरलेले. गौरी विसर्जनास सप्तमी, अष्टमी, नवमी अशी तिथी असते. तेव्हा दिवेलागणीस घाट भरतो. अनंत चतुर्दशीस चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे येथे जवळजवळ मध्यरात्र. मूर्ती भरल्या पाण्यात द्यावी आणि ओहोटीने तिला खाली समुद्राकडे न्यावे, अशी ती योजना. शास्त्रात मुहूर्त काय सांगितले आहेत ते भटजीबुवा जाणोत. पण आपल्या घरांतून मूर्ती उचलण्याची वेळ पाणी ठरवी. अंगणात आरती लांबली की आजी ओरडे, "पोरांनो, पानी उतराला लागलं, चला!" आणि आरती आटोपती घेतली जाई. २०२५ साली लालबागच्या सुप्रसिद्ध गणपतीचे विसर्जन गिरगाव चौपाटीवर भरती-ओहोटीच्या अडचणीने दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत लांबले, हे सर्वांनी पाहिले. नव्या यांत्रिक तराफ्याची चर्चा वर्तमानपत्रांतून फार झाली. आमच्या मनात मात्र पाऊणकीचा पाढा घोळत होता.

गौरीविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. शहरातील पुष्कळ घरांत मुखवट्याच्या गौरी असतात. आपल्याकडे तेरड्याची गौर. भाद्रपदात नेतिवली-कचोऱ्याच्या उतारांवर तेरडा गुलाबी फुलांनी दाटून येई. मुली व सुना सकाळीच टेकडीवर जात, मुळांसकट रोपे उपटून आणीत, त्यांस लुगडे नेसवीत आणि माहेरवाशीण म्हणून ओटीवरून आत घेत. रात्री अंगणात फेर धरावयाचा. ह्या फेरात पुरुषांस स्थान नसे. सासूही सुनेच्या शेजारी हात धरून उभी राही, आणि वर्षभर जे बोलता येत नसे ते गाण्यातून बोलून घेतले जाई. काही घरांत गौरीस तिखटाचा नैवेद्य असतो. त्यास कोणी नाके मुरडली तर मुरडोत. माहेरी आलेल्या लेकीस घरात जे चांगले असेल ते वाढावे, ह्यात अशास्त्रीय ते काय? तिसऱ्या दिवशी तीच रोपे डोक्यावर घेऊन पाण्याकडे जावयाचे. टेकडीवरची वस्तू तीन दिवस घरात राहून खाडीस मिळे. आज त्या टेकड्यांच्या अंगावर दाटीने घरे आहेत. पावसाळ्यात दरड खचल्याच्या बातम्या येतात, आणि तेरडा बाजारात जुडीने विकत मिळतो.

शिमगाही असाच. पौर्णिमेच्या आधीचे काही दिवस मुले चोरहोळ्या लावीत. कोणाच्या परसातील लाकूड, मोडकी पाट, कुंपणाचा खांब ह्यांवर त्या दिवसांत धन्याचा हक्क राहत नसे. मोठ्या होळीचे झाड आणावयास सारा गाव रानात जाई आणि ते खांद्यावरून नाचवीत गावात येई. पौर्णिमेच्या सायंकाळी खाडी ओसरलेली असते. होड्या चिखलात टेकलेल्या, कामाला सुट्टी, म्हणून सारे पुरुष गावात असत. नवीन लग्न झालेल्या जोडप्याने होळीस नारळ द्यावा, वर्षभरातील भांडणे तेथे मिटवावीत, असा प्रघात. सगळी मिटत असे नव्हे. काही तेथेच नव्याने सुरूही होत.

शहर कल्याणचे सण वेगळ्या घडणीचे. सुभेदार वाड्यातील सार्वजनिक गणेशोत्सव १८९५ पासूनचा; लोकमान्यांच्या चळवळीची ती थेट शाखा. तेथे व्याख्याने होत, कीर्तने होत. आपली मंडळी मागे उभी राहून ऐकत. १८६४ साली स्थापन झालेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाचेही आम्हांवर मोठे ऋण आहे. गावात पुस्तक मिळत नसे तेव्हा तेथे मिळाले. ही नगरवासीयांची कामगिरी आम्ही मोकळ्या मनाने मानतो. परंतु मिरवणूक दुर्गाडीखालच्या घाटावर पोचली, की मूर्ती होडीत घेऊन खोल पाण्यात नेणारे हात आपल्या व कोळी बांधवांचे असत. नवरात्रात दुर्गाडीवर नऊ दिवस जत्रा भरते, तेव्हाही पंचक्रोशीतील गावे तेथे लोटतात. दसऱ्यास आपटा पुन्हा रानातून. चैत्रात एकवीरा आईची पालखी घेऊन आपली तरुण मंडळी पायी कार्ल्याचा डोंगर गाठतात, आणि माघी पौर्णिमेस मलंगगडाच्या वाटेवर हिंदू-मुसलमान यात्रेकरूंची रीघ लागते. डोंगर आणि पौर्णिमा ही जोडी येथेही आहेच.

ठाकुर्लीचा म्हणून जो स्वतंत्र इतिहास आहे तो विजेचा. १९२९ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने चोळे गावाजवळ कोळशावर चालणारे वीजगृह उभारले. चोळा पॉवर हाऊस हे त्याचे नाव गावावरूनच पडले. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या विजेच्या गाड्यांस येथून वीज जाई. १९३० साली सुरू झालेली दख्खनची राणी आपल्या शेतांच्या कडेने ह्याच विजेवर धावू लागली. आमच्या घरी मात्र आम्ही मराठी चौथी होईपर्यंत कंदील होता. त्या धुरांड्यांच्या उजेडात अभ्यास केला, असे आमचे एक स्नेही सभेत सांगत असत; त्यात अतिशयोक्ती असेल, पण राग खरा होता.

वीजगृहाने व रेल्वेने पगार आणला. बावन चाळ, बारा बंगला ही नावे तेव्हापासूनची. निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कामगार कुटुंबे तेथे राहत आणि आपापले सण करीत. आपल्यातील काही जणांस तेथे काम मिळाले. त्यांचा सण भाताच्या कापणीवर अवलंबून राहिला नाही, पगाराच्या तारखेवर राहिला. आमच्या मते आपल्या सणांतील पहिला मोठा बदल हा होय. त्यापुढचे सर्व बदल त्याच्या पोटातून आले. वीजगृह बंद पडूनही आता बरीच वर्षे लोटली. नाव तेवढे शिल्लक आहे.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वसतीस उल्हासनगर हे नाव मिळाले; नदीचे नाव शहरास लागले. ह्या मंडळींचे दैवत झुलेलाल, म्हणजे पाण्याचेच. गुढीपाडव्याच्या लगत त्यांचा चेटीचंड येतो, मिरवणूक निघते आणि दिवा व नैवेद्य पाण्यास अर्पण होतो. पुढे उत्तर भारतातून आलेले लोक कार्तिक षष्ठीस छठपूजेसाठी ओंजळ भरून काठावर उभे राहू लागले. कोणी कोठूनही येवो, ह्या खाडीशी त्याचे नाते जडते. नव्या माणसांकडे संशयाने पाहणाऱ्या आपल्या काही बांधवांनी ह्याचा विचार करावा.

१९८३ च्या ऑक्टोबरात कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. एवढ्या माणसांस अंगण पुरत नाही, म्हणून सण रस्त्यावर आला, हे साहजिकच झाले. १९२४ साली स्थापन झालेल्या डोंबिवलीच्या गणेश मंदिराच्या संस्थानाने १९९९ साली गुढीपाडव्यास नववर्ष स्वागतयात्रा काढली, आणि तिचे अनुकरण पुढे गावोगावी झाले. लेझीम, ढोल, चित्ररथ, सारे शिस्तीत व देखणे असते; डोंबिवलीकरांचे त्याबद्दल अभिनंदनच केले पाहिजे. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर तरुणाई जमते तीही पाहण्यासारखी. एक गोष्ट मात्र पाहताना गंमत वाटली. एका चित्ररथावर सुशिक्षित मुली आगरी-कोळी पद्धतीचे लुगडे नेसून, हातात टोपली घेऊन उभ्या होत्या. ते लुगडे गुडघ्यापर्यंत का खोचतात, हे त्यांपैकी कोणास ठाऊक नसावे. चिखलात बांध घालताना काठ भिजू नये म्हणून ते तसे खोचीत. आमच्या मातोश्रींना ते नेसून बँकेत जाण्याची लाज वाटे, कारण तेथील लोक हसत. आता त्याच वेषास टाळ्या पडतात. ह्यात आनंद मानावा की विषाद, हे आम्हांस ठरविता आले नाही.

पाण्याची अवस्था सांगण्यासारखी नाही. वालधुनी नदीत रसायने, उल्हास नदीवर जलपर्णी. पाग टाकणारा माणूस वाण सामानाची दुकानदारी करू लागला आहे. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्यास सांगितले. पाण्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. हौदास भरती नाही. मूर्ती केव्हाही न्यावी. आपल्या घरांत शाडूची लहान मूर्ती आणून खाडीचा जुना परिपाठ राखणारे अजून काही आहेत, त्यांना आम्ही मान देतो.

आता एका अवघड विषयाकडे वळतो. मंडळींचा रोष ओढवला तरी लिहिले पाहिजे. आपल्या लग्नात पूर्वी धवलारीण असे. मांडव उभारण्यापासून वरात घरी येईपर्यंत प्रत्येक विधीचे धवले ती म्हणे, आणि तिच्यावाचून कार्य पुरे होत नसे. ती बहुधा विधवा, वृद्ध, निरक्षर. पण त्या चार दिवसांत पाटलासही तिचे ऐकावे लागे. एका निरक्षर बाईस एवढा मान देणारे समाज फार नसतील. आज हळदीच्या रात्री रस्ता अडवून ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहते, दिव्यांचे झोत आकाशात फिरतात, आणि जमीन विकून आलेला पैसा एका रात्रीत उडतो. अनेक गावांनी ह्याविरुद्ध ठराव केले आहेत. ठराव करणाऱ्यांच्याच घरी ते मोडले गेल्याचेही आम्ही पाहिले. कर्ज काढून हळद करणाऱ्या बापास आम्ही शिक्षकाच्या नात्याने दोनदा समजाविले, त्याने नम्रपणे ऐकून घेतले व म्हणाला, "गुरुजी, न केली तर पोरीला सासरी बोलतील." ह्यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते, कारण तो खरे बोलत होता. बोलणारे आपणच असतो.

आमच्या परिचयात संपूर्ण धवले येणाऱ्या तीन वृद्ध स्त्रिया होत्या. त्यांपैकी एक गेल्या पावसाळ्यात वारली. उरलेल्या दोघींकडे गेले वर्षभर दर रविवारी बसून आम्ही ते उतरवून घेतले आहेत. एकीची कन्या आरंभी हसत असे, मग तीही चुकलेली ओळ सुधारू लागली. दोनशे पानी दोन वह्या भरल्या. तिसरी चालू आहे. कोणत्या विधीस कोणते धवले, हे समासात लाल शाईने लिहिले आहे. ज्यांच्या घरी कार्य असेल त्यांनी वह्या अवश्य न्याव्यात आणि शक्य तर आपल्या घरच्या वृद्धेकडून त्यांतील पाठभेद तपासून घ्यावेत. हळद-कुंकवाचे डाग पडले तरी हरकत नाही. मात्र कार्य आटोपताच वह्या परत आणून द्याव्यात, कारण त्यांची दुसरी प्रत अद्याप झालेली नाही.